चार्जर म्हणतो फुल्ल, गाडी चौथ्या मिनिटाला झोपते

लक्षण आधी सांगतो, म्हणजे तुमचं आणि आमचं दुखणं एकच आहे का हे कळेल. गाडी रिमोटवर चालणारी, १/२८ मापाची, तळहातावर मावणारी. बॅटरी दोन सेलची लायपो (लिथियम-पॉलिमर), ७.४ व्होल्ट, ४०० एमएएच (मिलिअँपिअर-तास, म्हणजे आत किती माल मावतो त्याचं माप). हिरवा दिवा लागल्यावरच चार्जरवरून काढलेली, मल्टिमीटरवर ८.४०. शर्यत आठ मिनिटांची. पहिली तीन मिनिटं गाडी अशी पळते की बघत राहावं. चौथ्या मिनिटाला वळणातून बाहेर पडताना ट्रिगर दाबला की एक उचकी. पुढच्या वळणाला दोन. मग मोटर बंद, स्टिअरिंग मात्र डावीउजवीकडे हलतंय. उचलून टेबलावर आणली, दोन मिनिटांनी मल्टिमीटर लावला, तर ७.७! म्हणजे बॅटरीत अजून निम्म्याहून जास्त माल शिल्लक. पुन्हा ट्रॅकवर सोडली की अर्धा फेरा, आणि परत तेच.

"काऊन बे, चार्ज नव्हती केली का?" गेल्या उन्हाळ्यात आमच्या नागपूरच्या रविवारच्या टोळक्यात हे वाक्य इतक्यांदा ऐकलं की शेवटी कोणी उत्तरही देईनासं झालं. सातआठ जण आहोत. मुलांच्या खोलीत घालतात ते एकमेकांत अडकणारे फोमचे चौकोन एका हॉलमध्ये पसरून ट्रॅक मांडतो. मे संपेपर्यंत त्यातल्या पाच जणांच्या गाड्यांना हा आजार जडला होता. मी आधी ईएससी, म्हणजे मोटरला किती वीज द्यायची ते ठरवणारं सर्किट, बदलला. मग मोटर बदलली. दोन्ही खर्च पाण्यात. दोन्ही जुने भाग आजही डब्यात ठणठणीत पडून आहेत.

तुम्ही असा खर्च करू नका. पुढे लिहिलंय त्या क्रमानं बघत जा.

बंद नेमकं काय पडतंय?

"गाडी बंद पडली" एवढ्यावर भागत नाही. मोटर थांबली पण स्टिअरिंग चालू असेल, तर ईएससीनं मुद्दाम मोटर तोडलीय. बॅटरीचा व्होल्टेज ठरलेल्या रेषेखाली गेला की तो तसं करतो, त्याला कटऑफ म्हणतात. मोटर आणि स्टिअरिंग दोन्ही क्षणभर मेलं आणि रिसीव्हरचा (रिमोटचे आदेश घेणाऱ्या भागाचा) दिवा लुकलुकला, तर व्होल्टेज इतका खाली कोसळला की रिसीव्हरच बेशुद्ध पडला. एका सेलवर चालणाऱ्या गाड्यांत हे जास्त होतं, कारण तिथे मुळात ३.७ व्होल्टच हाताशी असतात. गाडी बंद पडून पाचेक मिनिटं थंड झाल्यावर त्याच बॅटरीवर झकास पळाली, तर ईएससी तापून थांबला होता. मग बॅटरीला दोष देण्याआधी मागचं एक्सल बघा. फोमचा भुसा, केस, गालिच्याचे धागे बेअरिंगपाशी गुंडाळले जातात, चाक जड फिरतं आणि मोटर जास्त करंट ओढते. पिनिअन (मोटरवरचं छोटं दातेरी चाक) हल्लीच ८ दातांवरून १० दातांचं केलं असेल, तर तेही कारण समजा. आणि गाडी उचकी न देता हळूहळू मंद होत गेली, तर बॅटरी खरंच संपली. तिथे दुरुस्त करण्यासारखं काही नाही.

आमचं दुखणं पहिल्या प्रकारचं होतं. हे लिखाणही मुख्यतः त्याबद्दलच.

परत किती गेलं ते लिहा

सगळ्यात कामाची तपासणी फुकट आहे आणि ती कोणी करत नाही. गाडी बंद पडली की बॅटरी थंड होऊ द्या, स्क्रीनवाल्या चार्जरवर लावा आणि पूर्ण भरेपर्यंत त्यानं किती एमएएच आत घातले ते वहीत टिपा. ४०० च्या बॅटरीतून जास्तीत जास्त ८० टक्के, म्हणजे ३२० काढावेत असा रिवाज आहे. आठ मिनिटांत ३२० म्हणजे मिनिटाला ४०.

बंद पडल्यावर चार्जरनं ३००–३२० परत घातले, तर बॅटरी प्रामाणिकपणे रिकामी झाली होती. तुमची गाडी जास्त खाते, एवढाच अर्थ. गिअर बदला किंवा मोठी बॅटरी घ्या. पण १६० च घातले, तर प्रश्न वेगळा आहे. माल आत होता, बाहेर येत नव्हता.

आमच्या पाचही जणांचे आकडे १५० ते १८० च्या मध्ये आले.

बोअरचं पाणी असलेल्या इमारतीत राहणाऱ्यांना हे लगेच समजेल. गच्चीवरची टाकी काठोकाठ भरलेली असते, पण पाइपात क्षार बसलेले असतात. एक नळ बारीक सोडला तर पाणी येतं. तीन नळ एकदम उघडले की धार जाते. टाकीत डोकावून बघितलं तर पाणी आहेच. मल्टिमीटरवरचे ७.७ म्हणजे ते टाकीत डोकावणं.

पाइप कुठे तुंबलाय

तुंबायच्या जागा दोनच: प्लगच्या पिना, नाहीतर खुद्द सेल.

पिना आधी बघा, कारण त्या स्वस्तात सुधारतात. छोट्या गाड्यांना सर्रास येणारा लाल दोन पिनांचा जेएसटी प्लग ३ अँपिअरसाठी बनवलेला आहे. ब्रशलेस मोटरची छोटी गाडी जागेवरून उसळताना ८ अँपिअरसुद्धा सहज मागते. क्षणभरासाठी ते चालून जातं, पण शेदोनशे वेळा घालून काढल्यावर आतली पितळी पकड सैल होते. शर्यत संपल्यावर प्लग बोटांनी धरून बघा, कोमट लागला तर तो वीज खातोय. बॅटरीवर "५०सी" छापलेलं असतं, म्हणजे क्षमतेच्या पन्नासपट; ४०० एमएएचची बॅटरी म्हणे २० अँपिअर देणार. आकडा छापायला पैसे पडत नाहीत. त्या २० अँपिअरना बाहेर यायचा रस्ता ३ अँपिअरच्या प्लगातून जातो, याबद्दल लेबल गप्प असतं.

मी एक्सटी-३० प्लग लावले. सतत १५ अँपिअर झेलतात, आकारानं गाडीत कसेबसे बसतात. लावताना एक पथ्य पाळा: बॅटरीच्या दोन्ही तारा एकदम कापायच्या नाहीत. एक तार कापा, तिचं टाक द्या, त्यावर हीट श्रिंक (तापवल्यावर आवळून बसणारी नळी) चढवा आणि मगच दुसरीला हात लावा. दोन्ही तारा एका कात्रीत सापडल्या तर शॉर्ट होऊन कात्रीच्या पात्याला खाच पडते. माझ्याकडे तशी एक कात्री आहे.

प्लग बदलल्यावर गाडी पाचव्या मिनिटाच्या शेवटापर्यंत गेली. दोन रविवार आम्ही खुशीत होतो. तिसऱ्या रविवारी पुन्हा चौथ्या मिनिटाला उचकी.

राहिला सेल. सेलच्या पोटातल्या अडथळ्याला अंतर्गत रोध म्हणतात, तो मिलिओममध्ये मोजतात. बरे चार्जर प्रत्येक सेलचा रोध दाखवतात. तसा चार्जर नसेल तर बल्बवर काम भागतं. कारच्या मागच्या दिव्याचा १२ व्होल्ट २१ वॅटचा बल्ब घ्या. बॅटरी भरलेली, मल्टिमीटर बॅलन्स प्लगच्या (प्रत्येक सेलपर्यंत जाणाऱ्या बारीक तारांचा छोटा प्लग) टोकांना लावलेला आणि बल्ब मुख्य प्लगला. बल्ब साधारण १.४ अँपिअर ओढतो. लावण्याआधीचा आकडा बघा, लावल्यावर दोनतीन सेकंदांनी पुन्हा बघा. नवी बॅटरी ०.०७ व्होल्टच्या आसपास खाली बसते. माझी ०.२३ बसली. मग मल्टिमीटर बॅलन्स प्लगवरून काढून बल्बच्या टोकांना लावा. इथे आणखी जी घट दिसेल ती प्लग आणि तारांची. या एका प्रयोगात सेल आणि प्लग यांचा हिशेब वेगवेगळा कळतो. मी हा प्रयोग ईएससी विकत घेण्याआधी करायला हवा होता.

०.२३ ला १.४ नं भागलं तर येतात सुमारे १६५ मिलिओम. नंतर एका मित्राच्या चार्जरवर बघितलं: एक सेल ८५, दुसरा ८२. हीच बॅटरी फेब्रुवारीत नवी आणली तेव्हा सेलमागे २५ होते. आता चौथ्या मिनिटाचा हिशेब मांडू. १६० एमएएच गेलेत, सेल ३.८७ वर आहे, म्हणजे दोन्ही मिळून ७.७४. ट्रिगर दाबला, ८ अँपिअर निघाले. नव्या बॅटरीत ०.४ बसणार, उरतात ७.३४, काही बिघडत नाही. माझ्या बॅटरीत १.३४ बसणार, उरतात ६.४०. ईएससीचा कटऑफ सेलमागे ३.२, म्हणजे ६.४०. अगदी काठावर! त्यात प्लगची थोडी घट धरली की काठाखाली. ईएससी बिचारा सांगितलेलं काम करत होता.

इथे एक मोह होतो: कटऑफ ३.२ चा २.६ करून टाकायचा. आमच्यातल्या एकानं केला. गाडी आठ मिनिटं पळाली आणि बॅटरी दोन आठवड्यांत उशीसारखी फुगली. ईएससीला फक्त बेरीज दिसते. एक सेल ३.२ वर आणि दुसरा २.४ वर असला तरी त्याला ५.६ दिसतात आणि तो गाडी पळू देतो. ३.० च्या खाली गेलेला सेल आतून बिघडतो, आणि पुढचं चार्जिंग मग धोक्याचं होतं. जुन्या ईएससीत निकेल बॅटरीची सेटिंग राहून गेली असेल तर हेच घडतं, म्हणून गाडी सेकंडहँड घेतलीत तर पहिल्याच दिवशी ती सेटिंग बघा.

पण रोध वाढला कशानं?

चार महिन्यांत २५ चे ८५. आठवड्याला फार तर चार शर्यती, म्हणजे पन्नाससाठ वेळा चार्ज. एवढ्यानं बॅटरी म्हातारी होत नाही. आम्ही माल बनावट ठरवला, दुकानदाराला नावं ठेवली. पण पाचही जणांनी वेगवेगळ्या ठिकाणांहून वेगवेगळ्या ब्रँडच्या बॅटऱ्या घेतल्या होत्या.

उत्तर मिळालं ते टोळक्यातल्या सगळ्यात आळशी माणसाकडून. हा गडी घरी कधीच चार्ज करून येत नाही. येतो, स्कूटरच्या जुन्या बॅटरीला चार्जर जोडतो, पहिली शर्यत चुकवतो, चहा पितो. सगळे त्याला हसायचो. एका रविवारी गंमत म्हणून सगळ्यांच्याच बॅटऱ्या मोजायला घेतल्या, तर त्याच्या सेलचा रोध २९ आणि ३१. खरेदी आमच्याच महिन्यातली, आणि वापर आमच्यापेक्षा कमी नव्हे, जास्तच.

फरक एकच निघाला. आम्ही शनिवारी रात्री, "उद्या घाई नको" म्हणून, सगळ्या बॅटऱ्या सेलमागे ४.२० पर्यंत भरून ठेवायचो. चार भरल्या तर दोन वापरल्या जायच्या, उरलेल्या दोन तशाच भरलेल्या कपाटात. एप्रिल-मे म्हणजे विदर्भात लग्नसराई. एक रविवार याचं लग्न, दुसरा त्याचं, की बॅटऱ्या वीस-वीस दिवस फुल्ल पडून. त्यात पश्चिमेच्या भिंतीला लागून लोखंडी कपाट. बाहेर ४४-४५, कपाटात हात घातला की दुपारी चटका बसायचा. त्या आळशी माणसाची बॅटरी मात्र शर्यतीनंतर सेलमागे ३.८ च्या आसपास आलेली असायची आणि पुढच्या रविवारपर्यंत तशीच राहायची.

लायपो सेल भरलेला असतो तेव्हा आतलं रसायन सगळ्यात जास्त ताणलेलं असतं. इलेक्ट्रोलाइट हळूहळू विघटन पावतो, इलेक्ट्रोडवर थर जाड होत जातो, रोध वाढतो, थोडा वायूही होतो. उष्णतेनं ही गती वाढते. म्हणजे बिघाड ट्रॅकवर दिसत होता, पण होत होता सोमवार ते शनिवार, कपाटाच्या आत.

हे बनवणाऱ्यांना आणि नेणाऱ्यांना चांगलंच ठाऊक आहे. १ एप्रिल २०१६ पासून सुट्या लिथियम-आयन बॅटऱ्या (लायपोही त्यातच) प्रवासी विमानातून माल म्हणून नेता येत नाहीत, आणि मालवाहू विमानातून न्यायच्या तर ३० टक्क्यांहून जास्त भरलेल्या चालत नाहीत. नियम आगीच्या भीतीपोटी आहे, पण पुठ्ठ्याच्या खोक्यातून येणारी नवी बॅटरी कधीच फुल्ल का नसते, त्याचं कारण त्यात सापडतं. आपण खोकं उघडतो आणि पहिलं काम काय करतो? फुल्ल चार्ज.

आता आम्ही काय करतो

शर्यत संपल्यावर बॅटरी थंड होऊ द्यायची आणि घरी आल्यावर चार्जरवर "स्टोरेज" लावायचं. तो सेल ३.८० ते ३.८५ वर आणून थांबतो: कमी असेल तर भरतो, जास्त असेल तर रिकामा करतो. यूएसबीचा लाल-हिरव्या दिव्याचा चार्जर असेल, तर वापरलेली बॅटरी नुसती मोजा. ३.७ ते ३.८५ मध्ये असली तर हात लावू नका. न वापरलेली भरलेली बॅटरी असेल तर गाडीत घालून अंगणात चार मिनिटं पळवा. चार्ज करायचं ते रविवारी सकाळी. १सी वर, म्हणजे ४०० च्या बॅटरीला ०.४ अँपिअरनं, तासाभरात होतं. पहिली शर्यत आता आम्हीच अर्धा तास उशिरा ठेवतो, आणि त्या आळशी माणसाला याचा फार अभिमान आहे.

बॅटऱ्यांची जागाही बदलली. उत्तरेकडच्या खोलीत, रॅकच्या तळाशी, चिनी मातीच्या बरणीत, वर सैल झाकण. हवाबंद डबा नको, कारण वायू झाला तर त्याला वाट हवी. फ्रिजचा सल्ला मला दोघांनी दिला होता. आईनं तो ऐकताक्षणी फेटाळला, आणि तिचं बरोबर होतं: बाहेर काढल्यावर प्लगवर दव धरतं आणि आपण घाईत तशीच बॅटरी चार्जरला लावतो. उन्हात उभ्या कारच्या डॅशबोर्डवर तर चुकूनही ठेवू नका. ६० अंशांच्या वर सेलचं कायमचं नुकसान होतं, आणि मेमधली बंद कार तिथवर सहज जाते.

दोन बारीक चोर आहेत, तेही सांगून टाकतो. बॅलन्स प्लगला लावायचा, व्होल्टेज उतरला की वाजणारा तो छोटा आकडेवाला अलार्म. त्यातले काही आपलं पोट फक्त पहिल्या सेलवर भरतात. रात्रभर लावून ठेवला की एक सेल ३.८ वर आणि दुसरा ३.५ वर, आणि माणूस म्हणतो बॅलन्स बिघडला. दुसरा चोर ईएससीचं बटण. बटण बंद असलं तरी काही ईएससी किंचित करंट ओढत राहतात. प्लग काढल्याशिवाय गाडी बॅगेत टाकायची नाही.

चार्जरचं सेटिंगही डोळ्यांनी बघा. ७.६ व्होल्ट छापलेली बॅटरी एचव्ही प्रकारची, ती ४.३५ पर्यंत भरतात. ७.४ छापलेली ४.२० पर्यंतच. दोन्ही दिसायला सारख्या, प्लग सारखे, आणि चार्जरला मागच्या वेळचंच सेटिंग लक्षात. चार्जिंग करताना बॅटरी कडप्प्यावर किंवा फरशीवर, गादीवर किंवा सोफ्यावर नाही, आणि आपण त्याच खोलीत. शेजारी वाळूची बादली. आम्हाला ती अजून वापरावी लागलेली नाही.

ज्या बिघडल्या त्यांचं काय

वाढलेला रोध परत कमी होत नाही. "सायकलिंग करून बॅटरी जिवंत करा" हा उपाय निकेलच्या काळातला, लायपोला तो लागू पडत नाही. ८५-८२ वाली माझी बॅटरी फुगलेली नव्हती, म्हणून ती काही दिवस भाच्याच्या ब्रशवाल्या हळू गाडीत वापरली. दोनतीन अँपिअरच्या वर ती गाडी जात नाही, त्यामुळे व्होल्टेज फार बसत नाही आणि पोरगा खूश. पण दर आठवड्याला मी ती बोटांनी चाचपत होतो. जुलैत कडा किंचित मऊ लागल्या, त्या दिवशी काढून घेतली.

फुगलेली बॅटरी दाबायची नाही, टोचायची नाही, "एकदाच शेवटची" म्हणून चार्ज तर अजिबात करायची नाही. आम्ही त्याच २१ वॅटच्या बल्बला मोकळ्या गच्चीवर, कुंडीतल्या वाळूत ठेवून, बल्ब विझेपर्यंत लावली आणि मग रात्रभर तशीच जोडून ठेवली. मिठाच्या पाण्यात बुडवायची पद्धत खूप सांगितली जाते. त्यात प्लगच्या पिना आधी गंजून जातात आणि सेल आत भरलेलाच राहू शकतो, म्हणून मी ती करत नाही. कचऱ्याच्या गाडीत टाकायची नाही, तिथे ती दाबली जाते. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांप्रमाणे वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. आपल्यापुरता अर्थ इतकाच, की ई-कचरा घेणारं अधिकृत केंद्र शोधून तिथे द्यायच्या, पिनांवर चिकटपट्टी लावून.

मी अकरा बॅटऱ्या घेऊन गेलो. सगळ्यांच्या मिळून, चिकटपट्टीत गुंडाळलेल्या, एका बरणीत. काउंटरवरच्या माणसानं बरणी उजेडात धरून फिरवून बघितली.

"मोबाइलच्या आहेत का, दादा?"

"नाही, गाडीच्या."

त्यानं बरणीकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि पावतीवर "इतर" असं लिहिलं.